रिकाम्या खुर्चीची तालीम

आमच्या विहारात वैशाख पौर्णिमेला नाटक होतं, आणि त्यात तथागतांचं काम कोणी करत नाही. त्यांच्या जागी उंच पाठीची एक जुनी लाकडी खुर्ची असते, तिच्यावर पांढरी चादर. बाकीचे सगळे त्या खुर्चीकडे बघून बोलतात. परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला, विहार तळमजल्यावरच्या हॉलात आला, तरी पद्धत तीच राहिली. ती माझ्या आईने घालून दिली. माणसाला रंग फासून तिथे बसवलं की लोक त्याचा अभिनय बघत बसतात, असं तिचं म्हणणं.

नाटक आईच बसवायची, पण पत्रकावर 'दिग्दर्शन : महिला मंडळ' एवढंच छापलं जायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. तालमीत ती स्वतः त्या खुर्चीवर बसायची. समोर जिवंत माणूस असला की शब्द खोटे निघत नाहीत, म्हणून. बुटकी इतकी, की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. बाई तथागतांच्या आसनावर बसते म्हणून कमिटीचे अध्यक्ष एकदा चिडले, तेव्हा आईने चादरीची घडी त्यांच्या हातात ठेवली.

"ही अंथरली की आसन. तोवर खुर्चीच आहे, भाऊजी."

पौर्णिमेला ती आपल्या हाताने चादर अंथरायची आणि विंगेत जाऊन उभी राहायची.

गेल्या थंडीत आई गेली. नाटक थांबवायचं नाही, असं महिला मंडळाने ठरवलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. गोष्ट नेहमीचीच. तथागतांना लहानपणी जिने वाढवलं ती मावशी संघात जागा मागायला बायकांना घेऊन अनवाणी चालत येते, नकार ऐकते, तरी दारातून हलत नाही. मावशीचं काम करणाऱ्या वहिनी आमच्या शेजारच्या, हॉस्पिटलात आया आहेत. पहिल्या तालमीला त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. मागच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. तालीम तिथेच मोडली.

अध्यक्षकाकांनी मला बाजूला घेतलं. खुर्ची आता नुसती खुर्ची दिसते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एक नट होता, दादरला नाटकांतून कामं करणारा, उंच, गोरागोमटा. रविवारच्या तालमीत जमलं नाही तर त्याला चीवर घालून बसवायचं, असं ठरलं. मी मान डोलावली, पण घरी येईपर्यंत डोकं भणाणलं होतं. आईने जन्मभर रिकामी राखलेली जागा आता याच्या गोऱ्या रंगाने भरायची.

रविवारी मी जाऊन आईसारखीच खुर्चीवर बसले. दुसरं काही सुचलंच नव्हतं. वहिनी समोर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि थांबल्या.

"ताई, तुम्ही उठा," त्या हळूच म्हणाल्या. "मधे येताय."

झोंबलं मला. तरी उठले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. वहिनींनी पदर खोचला, थोडा वेळ खुर्चीकडे बघत राहिल्या आणि बोलू लागल्या. ज्याला मांडीवर वाढवलं त्याच्या दारात मला जागा का नाही, हे विचारताना त्यांचा आवाज कुठे कापला नाही. मागच्या बायका एकेक पाऊल पुढे सरकल्या, आईने शिकवल्यासारख्या.

प्रवेश संपला तेव्हा काकांचेही डोळे ओले होते. पण एक चूक त्यांनी धरलीच.

"सगळ्यांची नजर खाली पडतेय गं. खुर्चीच्या पाठीच्या वर कोणी बघतच नाही. तथागत उंचेपुरे होते. जरा वर बघायला सांग त्यांना."

मी खुर्चीकडे बघितलं. तालमीत बसली की पाठीच्या वरच्या पट्टीपाशी आईचं कपाळ यायचं.

"राहू दे काका," मी म्हटलं. "आपले तथागत एवढेच उंच आहेत."

काकांनी बाहेर जाऊन त्या नटाला येऊ नको म्हणून फोन केला.

पौर्णिमेला चादर मी अंथरली. वहिनी बोलू लागल्या तेव्हा विंगेत आईच्या जागी उभी राहून मी पोटभर रडले.