नक्षीच्या मधेच बंद पडणारा कॉम्प्युटर

माझे यजमान चादरींची नक्षी काढतात. पूर्वी चौकटीच्या कागदावर रंग भरायचे, आता कॉम्प्युटरवर. मागच्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला. निळा पडदा यायचा, मग आपोआप सुरू व्हायचा, आणि सकाळपासूनचं काम गेलेलं असायचं.

“मीच काहीतरी चुकीचं दाबतोय,” ते म्हणायचे.

त्या दिवसांत ते गॅसवर चहा ठेवून विसरायचे. नवी पेठेत बाजाराला गेले, की काय आणायचं होतं म्हणून फोन करायचे. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

मोहोळला माझ्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला बोलावून घेतलं. त्यानं डबा उघडला, धूळ काढली, पंखा फिरतोय का पाहिलं.

“उन्हानं तापत असंल म्हणलं, पण तसं न्हाय,” तो म्हणाला. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, तरी निळा पडदा आलाच. “आक्का, रॅमच्या दोन पट्ट्या हायत. एकेक लावून बघू.”

एका पट्टीवर कॉम्प्युटर दुपारभर नीट चालला. दुसरी लावली आणि लगेच बंद.

“दाजी, तुमी काय बी चुकीचं दाबलं न्हाय. ही पट्टीच खराब हाय की.”

यजमान कितीतरी दिवसांनी हसले. मलाही इतकं हलकं वाटलं, की उतू गेलेल्या चहाचं खापरसुद्धा मी मनातल्या मनात त्या पट्टीवर फोडलं.

नवी पट्टी बसवली. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. थोड्या दिवसांनी चादरींच्या कारखान्यातून नक्षीसाठी फोन आला. यजमान सांगत होते, “कालच सगळी गेली हो. कॉम्प्युटर बंद पडला.”

मी स्वयंपाकघरातून उठून आले. फाइल उघडली. नक्षी पुरी झालेली होती, काठासकट. आदल्या संध्याकाळी मी शेजारी बसले असताना त्यांनीच ती सेव्ह केली होती.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “ही कुणी काढली?”

“तुम्हीच काढली की.”

मी बाहेर ओट्यावर जाऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, “परत बिघडलं का? उद्या येऊन बघतो.”

“कॉम्प्युटर चांगला आहे रे,” मी म्हटलं. “यांना डॉक्टरांकडे न्यायचंय. सोबत येशील?”

तो म्हणाला, “येतो.”