गाईडचं म्हणणं

मेनूथच्या विद्यापीठात मी अमेरिकन कायद्यावर पीएचडी करत होते. आयर्लंडमध्ये बसून अमेरिकेचा कायदा कशाला, असं मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारायचंच. विचारणारे सगळे एक तर कॉम्प्युटरच्या चिप बनवणारे, नाहीतर औषधाच्या गोळ्या बनवणारे, त्यामुळे माझं उत्तर संपायच्या आत मोदकाकडे वळायचे. तरी सांगते.

तिकडचं भांडण असं आहे: कायद्यातलं एखादं वाक्य धूसर असेल तर त्याचा अर्थ कोणी लावायचा? नदीच्या पाण्यात किती विष चालेल हे जन्मभर मोजणाऱ्या सरकारी खात्याने, की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा न्यायाधीशाने? बरीच वर्षं कोर्टं म्हणायची, खात्याचा अर्थ पटण्याजोगा असेल तर आम्ही तोच धरतो. अलीकडे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. अर्थ लावणं आमचं काम, तुम्ही बाजूला व्हा. तेव्हापासून प्राध्यापक मंडळी एकमेकांच्या झिंज्या उपटतायत. कोर्टांनी खात्यांचे निर्णय कसे तपासायचे हे सांगणारा मूळ कायदा झाला, त्या काळात न्यायाधीश खात्यांचं ऐकायचे की नाही, यावर तर नुसतं रण पेटलंय.

माझा गाईड 'अजिबात ऐकत नसत' या बाजूचा. त्याचा त्यावरचा लेख चांगलाच गाजलेला. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे. नावाने हाक मार म्हणून त्याने कितीदा तरी सांगितलं, पण माझी जीभ वळायची नाही. इथे मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार. माझ्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

मी त्या काळातले निकाल मुळातून वाचले आणि माझ्या लक्षात आलं, हा माणूस चुकलाय. न्यायाधीश शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचे हे खरं, पण खात्याच्या अनुभवाला चांगलं वजन द्यायचे. याने सोयीचे निकाल तेवढे उचलले होते. हे सगळं मी तिसऱ्या प्रकरणात लिहिलं, पण त्याचं नाव न घेता. 'काही अभ्यासकांच्या मते' असं. पुण्यात एलएलएमला मी हेच शिकले होते. गाईडचं खोडायचं तर नाव घ्यायचं नाही, आणि व्हायवात त्याच्या समोर तर ब्रसुद्धा काढायचा नाही. बाहेरचा परीक्षक ओरडतो, गाईड सावरून घेतो, मग सगळे मिळून सामोसे खातात. प्रकरण वाचून तो एवढंच म्हणाला, "ग्रँड." आयर्लंडमध्ये 'ठीक आहे'लाही असंच म्हणतात.

मग पॅनल आलं. मेनूथला पीएचडीच्या मध्यावर त्यातून पार पडावं लागतं. पार पडलं तर पीएचडी आणि स्कॉलरशिप पुढे चालू, नाहीतर हातात एक मास्टर्सची डिग्री आणि रामराम. पुण्यातली चालती वकिली सोडून मी गेले होते, आणि माझं आयर्लंडमधलं राहणंही त्या पीएचडीवरच होतं. मंगळवारी सकाळी मी चांगली इस्त्री केलेली कॉटनची साडी नेसून गेले. नको होती नेसायला, सगळे स्वेटरात बसले होते.

परीक्षक दोन. एक मेनूथचीच बाई, दुसरा अमेरिकेतून स्क्रीनवर. माझा गाईड कोपऱ्यात बसला होता.

स्क्रीनवरचा म्हणाला, "तुमचं तिसरं प्रकरण खरं असेल, तर तुमच्या गाईडचा लेख चूक आहे. चूक आहे का?"

मी गाईडकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आता सावरून घेईल, असं मला मूर्खाला वाटलं.

मी म्हणाले, "सरांचा लेख पायाभूत आहे. माझं काम म्हणजे त्याला थोडीशी पुस्ती."

"चूक आहे की नाही?" बाई म्हणाली.

"नाही. सरांचंच बरोबर असणार."

तेव्हा गाईड बोलला. "मग तुझ्याकडे प्रकरणच उरत नाही." दूध संपलंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. अमेरिकेतला हसला. बाई कागद आवरत म्हणाली, "न्यायाधीशांनी कोणापुढे किती वाकावं यावर प्रबंध लिहितेय, आणि पहिल्याच प्रश्नाला स्वतः आडवी!" मी तिथेच बसले होते, तरी ती माझ्याबद्दल त्यांच्याशी बोलत होती. मला नापास केलं.

बाबांना फोन केला. तेही जन्मभर वकील. ते म्हणाले, "जाऊ दे गं. गाईडला चारचौघांत खोटं पाडलं नाहीस, हे चांगलं केलंस." फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्यांच्यावर मी इतकी कधीच चिडले नव्हते.

गुरुवारी त्याने खोलीत बोलावलं. चहा विचारला, मी नको म्हणाले.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुझं प्रकरण वाचलं तेव्हाच मला पटलं होतं. माझाच लेख चुकीचा आहे."

मला आधी कळलंच नाही. मग तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तिथे बोलला का नाहीत?"

"माझं मत तिथे कोणी विचारलं नव्हतं. तुझं विचारलं होतं."

पुढे म्हणाला, "मी आता दुरुस्तीचा लेख लिहितोय. तू शोधलेले निकाल त्यात घेईन. पहिल्या तळटीपेत तुझे आभार मानेन. चालेल ना?"

"नाही चालणार!" दार उघडं होतं, तरी मी ओरडले. "ते माझं काम आहे. तुम्ही चुकला होतात, आणि ते मी शोधून काढलंय!"

"अगदी बरोबर," तो म्हणाला. "हेच मंगळवारी म्हणायचं होतंस."

मी पुण्याला परत आल्यावर त्याचा दुरुस्तीचा लेख छापून आला. पहिल्या तळटीपेत माझे आभार मानले आहेत.