चंपतरावांचा सोळावाला

महाल भागात चंपतरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओपेक्षा त्यांचा तोरा मोठा होता. नागपूरच्या उन्हाळ्यातही हा माणूस अंगातला कोट काढत नसे. घामाने कोट पाठीला चिकटायचा, तरी ऐट कायम.

त्यांच्याकडे एक घडीचा कॅमेरा होता. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. पण आत पत्र्याची चौकट बसवली की प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी अरुंद होई आणि बाराचे सोळा होत. कोणाला बारावाला आणि कोणाला सोळावाला, हे चंपतराव गिऱ्हाइकाचे जोडे बघून ठरवत. रामदासपेठेतले डॉक्टर आले की चौकट बाहेर. "मोठी निगेटिव्ह, साहेब! भिंतीएवढा फोटो करा, फुटणार नाही, एक दाणा दिसणार नाही!" आमच्या तांडापेठेतला विणकर आला की चौकट आत, वर टोमणा, "तुमाले काय महालात टांगाचा हाय?" दर मात्र दोघांना सारखाच.

चौकट आत असली की वरच्या बघायच्या खिडकीवरही एक पट्टी पाडावी लागते, म्हणजे फोटोत किती येणार ते कळतं. चंपतरावांना त्याची गरज नव्हती. "आपली नजर बसेल हाय," म्हणायचे. बसली होती खरी, पण कुठे ते देव जाणे.

बहात्तर साली माझी चुलतबहीण चंद्रकला हिचं लग्न झालं, उमरेडच्या घरात दिलं तिला. तिची आई, आमची गोदूकाकू, लवकर विधवा झालेली. दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून तिने पोरीला वाढवलं. जन्मात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. सासरी न्यायला मायचा एक फोटो हवा, एवढीच चंद्रकलेची हौस. सगळ्या घराला तिने ते बजावून ठेवलं होतं.

पंगती उठल्यावर सगळे चंपतरावांसमोर फोटोला उभे राहिले; विणकराघरचं लग्न, म्हणून चौकट आत. चंद्रकलेने आईला ओढत आपल्याजवळ आणलं, तर चंपतराव कॅमेऱ्यामागून ओरडले, "म्हातारे, मधात नोको येऊ वं! सवाष्णी मधात. तू त्या टोकाले."

रीतच तशी होती, आग लागो त्या रीतीला. काकू मुकाट्याने टोकाला गेली, पण पदर नीट करून, ताठ उभी राहिली. चंपतरावांनी खिडकीतून पाहिलं, सगळे दिसले, आणि खटका दाबला.

फोटो आला. मधे नवरा-नवरी झोकात. डाव्या टोकाला नवऱ्याचा काका अर्धा कापलेला आणि उजवीकडे काकूच्या पदराची नुसती किनार. काकू नव्हतीच. पट्टी पाडायचे कष्ट या शहाण्याने घेतले नव्हते.

चंद्रकला उमरेडहून एस.टी.ने आली. मी तिच्याबरोबर स्टुडिओत गेलो.

"नवरा-नवरी साबूत हायत ना?" चंपतराव म्हणाले. "मंग काहून रडून राहिली?"

"माय कुठं हाय?"

"टोकावरचं जाते थोडंबहुत."

त्या कोटाची कॉलर धरावी असं मला फार वाटलं. पण चंद्रकलेने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "चौकट काढा. मायले संगं आणलं हाय."

काकू बाहेर पायरीवर उभी होती. तिला आत आणलं. चंपतरावांनी नाक मुरडत चौकट काढली, नवा रोल भरला आणि समोरच्या लांब बाकाकडे बोट केलं. बाकावर दुसरं कोणी बसणार नव्हतं. तरी काकू जाऊन अगदी कडेला टेकली. बाकीचा अख्खा बाक रिकामा राहिला.

"मधात सरक वं म्हातारे!" चंपतराव खेकसले.

काकू दचकून उठायला लागली. चंद्रकलेने तिला खांदा धरून तिथेच बसवलं.

"माय तिथंच बसन," ती म्हणाली. "कॅमेरा तुमी सरकवा."