बाबांचं एकतिसावं कलम

आमच्या घरी राज्यघटना समजावून सांगितली जात नसे, पाठ करून घेतली जाई. आमचं गाव हिंदी मुलखात, बालाघाटजवळ लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर. बाबा पोस्टमन होते. आजोबांनी कधीकाळी धम्मचक्र दिनाच्या गर्दीतून, नागपूरहून, घटनेची एक जाडजूड मराठी प्रत आणली होती, आणि बाबांची सगळी भिस्त तिच्यावर. रविवारी विहारातून आले की ते एक कलम मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही भावंडं मागून म्हणायचो. मला सतराचा पाढा आजही नीट येत नाही, पण अस्पृश्यता मोडणारं सतरावं कलम झोपेतून उठवून विचारा.

पुढं मी बालाघाटच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागले, हिंदीतून. आणि पगार घेऊन जे शिकवायचे तेच घरी बोलायची सोय नव्हती. ते म्हणजे, घटना बदलत असते. एकदा जेवताना मी हिंमत केली. म्हटलं, "बाबा, शंभराच्या वर दुरुस्त्या झाल्यात तिच्यात."

"दुरुस्त्या? काहून, मोडली होती काय?" बाबा म्हणाले आणि त्यांनी वरण मागितलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. चाळीस पोरांसमोर मी खणखणीत बोलते, बाबांसमोर माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य वरणावर संपायचं.

बाबा निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं. एका दुपारी ठेकेदाराची माणसं आली आणि आमच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून गेली. रेघेच्या रस्त्याकडच्या बाजूला पुढची खोली होती. ती खोली मायची. खिडकीपाशी तिची शिलाई मशीन, दाराशी बायका पोलक्यांची मापं द्यायला बसलेल्या. आमचं शिक्षण त्या मशीनवर झालं, हे बाबाही नाकारत नसत, फक्त सांगत नसत.

"मशीन कुठं ठेवू मी आता?" मायनं मला फोनवर विचारलं.

शनिवारी मी घरी गेले तेव्हा बाबा मात्र खुशीत होते. खोटं कशाला बोलू, लग्नघर असावं तसा त्यांचा चेहरा होता. आयुष्यभर सांभाळलेला हक्क वापरायची वेळ एकदाची आली होती. "एकतिसावं कलम हाये आपल्यापाशी," ते म्हणाले. "मालमत्तेचा मूलभूत हक्क. बिना नोटीस, बिना कायदा, खोली घेऊन राह्यले! पाहतो मी." मायला काय हवंय ते न विचारता त्यांनी अर्ज लिहून काढलाही होता.

एकतिसावं कलम चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत काढून टाकलं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी मी गप्प बसले. वाटलं, कचेरीत तरी कोण एवढं बघतंय? अर्ज घेतील, शिक्का मारतील, म्हाताऱ्याचं समाधान होईल. सोमवारी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले.

पण माझ्या नशिबी कामसू बाबू आला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं अर्ज अख्खा वाचला, खिशातून मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "दादाजी, ये अनुच्छेद तो हटा दिया गया है."

"किसने हटाया?"

"संसद ने. बहुत पहले. मेरे पैदा होने के पहले."

बाबांनी अर्ज हातात परत घेतला. मग म्हणाले, "हमको तो कोई नोटिस नहीं आया."

मागं उभे असलेले लोक हसले. मलाही हसू आलं असतं. पण हा माणूस चौतीस वर्षं पावसापाण्यात दुसऱ्यांच्या नोटिसा पोचवत फिरला होता आणि आता अगदी मनापासून बोलत होता. मला रडू आलं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हौ."

"शाळेत शिकवतेस?"

"एका मार्काचा प्रश्न असतो, बाबा."

त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली, ते मला जास्त लागलं. मी घाईघाईनं मोबाईलवर कलम तीनशे-अ काढून मराठीत सांगितलं: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. बाबांनी दोनदा ऐकलं. "हे त एकतिसाव्यातलंच पहिलं वाक्य हाये!"

"तेच आहे. फक्त मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढून मागं नेलं."

"म्हंजे पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत मला हे पोरांना इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

दुसरा अर्ज तीनशे-अ वर गेला आणि महिन्याभरात रीतसर नोटीस आली, सुनावणीची तारीख घेऊन. नोटीस मायच्या नावानं होती. घर तिच्याच नावावर होतं. समतेचं कलम वाचून बाबांनी ते करून दिलं होतं आणि जयंतीच्या प्रत्येक कार्यक्रमात माईकवरून सांगितलंही होतं. सांगता सांगता घर खरोखर तिचं झालंय, हे मात्र त्यांच्या ध्यानातून गेलं असावं.

सुनावणीला बाबा इस्त्रीचा सदरा घालून, चार पानांचं भाषण घेऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "मकान मालकिन कौन हैं?" मायनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "तो दादाजी, आप बैठिए. अम्माजी, आप बताइए."

मायनं पदर सावरला. "साहब, रोड बनाओ, मेरी ना नहीं है. पोरियाँ सायकल से जाती हैं, गाड़ीवाले अंग पर आते हैं. पर मेरे को उजाला होना. मागच्या खोलीत सुई में धागा नहीं जाता. पहले वहाँ खिड़की बनने दो, फिर ये दीवार गिराओ."

बाबांनी मधे दोनदा "तीनशे-अ" म्हणून पाहिलं. साहेबांनी हातानंच थांबवलं. मग लिहून घेतलं: मोबदला मिळून मागची खोली खिडकीसकट तयार होईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. सात-आठ मिनिटांत सगळं आटोपलं. भाषणाची चार पानं बाबांच्या खिशातच राहिली.

बाहेर आल्यावर त्यांना राहवलं नाही. "एवढं बोलता येते तुले, त आजवर काहून नाही बोलली?"

"आजवर कोनं इचारलं?" माय म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, भांडणाचा नव्हता.

बाबा माझ्याकडं बघू लागले, मी शाळेत शिकवते तर उत्तर मला माहीत असेल म्हणून. मी बसची वाट बघत असल्यासारखं रस्त्याकडं तोंड केलं. मीही कधी विचारलं नव्हतं.