पूर्वेकडचा समुद्र

अंधेरीत, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी असलेल्या चाळीत १९८५च्या उन्हाळ्यात संध्याकाळी कुणी नवखा माणूस आला असता, तर त्याला वाटलं असतं की इथे भांडण तरी चाललंय नाहीतर अवेळी भोंडला. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत सहा बायका गोल करून बसलेल्या. प्रत्येकीच्या पदराला सेफ्टी पिनेने चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर एकेक अक्षर. आणि हातात पुस्तक धरून मध्ये उभी असलेली रत्नप्रभा परब ओरडतेय, "'क' कुठे गेली? अगं नंदा, तू 'फ'च्या समोर बसायचंस ना? भाजी मागनं ढवळ!"

भांडण नव्हतं आणि भोंडलाही नव्हता. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता.

रत्नप्रभा ही गुणाजी परबांची सून. गुणाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते, पण संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच. तिचा नवरा जयवंत साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता आणि त्याच्या एकट्याच्या पगारात घर कसंबसं चालत होतं. रत्नप्रभा बी.कॉम. झालेली, हिशेबात पक्की, इंग्रजीही बेताचं बरं. तरी बँकेची लेखी परीक्षा तिच्या हातून दोनदा गेली होती. दोन्ही वेळा गाडी अडली एकाच ठिकाणी, ती म्हणजे बुद्धिमापनाच्या पेपरात. त्यात एक आकृती असायची, तिच्याखाली चार ओळी मजकूर, आणि त्या दोघांवर मिळून प्रश्न. अर्धी गोष्ट अक्षरांत, अर्धी चित्रात. रत्नप्रभा मजकूर वाचायची तेव्हा चित्र विसरायची आणि चित्र बघायची तेव्हा मजकूर. यंदा नाही जमलं तर संपलं, कारण पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं.

बायकांना बसवायची युक्ती तिला सुचली ती वैतागून. 'सहा जण गोल बसले आहेत, अ हा ब-च्या उजव्या हाताला आहे' असलं काहीतरी वाचता वाचता तिने पुस्तक आपटलं आणि शेजारच्या नंदाला म्हणाली, "ए, तू जरा इथे बस बघू. तू 'अ'." नंदा बसली. मग प्रेमा आली. मग काय चाललंय ते बघायला अख्खी गॅलरी आली आणि बघता बघता उत्तर समोर बसलेलं दिसलं! रत्नप्रभाने टाळीच वाजवली. इतकी वर्षं जे कागदावर मेलेलं होतं, ते साडी नेसून समोर बसून हसत होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच धंदा. चाळीतल्या बायकांनाही त्याची चटक लागली. अर्थात माणसं म्हटली की माणसांच्या भानगडी आल्याच. एकदा एका आकृतीचं उत्तर काही केल्या पुस्तकाशी जुळेना. रत्नप्रभाने तीनतीनदा मजकूर वाचला आणि मग तिच्या लक्षात आलं की सासूबाई, म्हणजे जानकीबाई, सांगितलेल्या जागी बसल्याच नव्हत्या.

"आई, तुम्ही 'ड' ना? मग 'इ'च्या शेजारी बसा."

"त्या मालनीच्या बाजूक मी बसूचंय नाय. जीव गेलो तरी."

नळावरच्या भांडणापासून दोघींचा अबोला होता, हे रत्नप्रभा विसरली होती. मालनही कमी नव्हती. ती म्हणाली, "मला कुठे हौस आलीय? मीच उठते, हे घे तुझं 'इ'!" शेवटी नंदाने मध्ये पडून मालनशी आपली चिठ्ठी बदलली, तेव्हा कुठे आकृती पुरी झाली.

हळूहळू एक गंमत झाली. रत्नप्रभाने नुसते डोळे मिटले तरी बायका आपोआप येऊन बसायला लागल्या. मजकुराच्या एकेका ओळीसरशी एकेक जण उठायची, सरकायची, समोरासमोर यायची. भांडी घासताना, रॉकेलच्या रांगेत उभं असताना ती मनातल्या मनात कोडी सोडवायची आणि सुटलं की एकटीच हसायची. आपलं डोकं असंही चालतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं आणि त्याचा तिला मनापासून आनंद होत होता. नोकरी राहिली बाजूला, कोडी सोडवण्याचंच वेड लागलं म्हणा ना.

परीक्षा रविवारी होती, पार्ल्याच्या एका शाळेत. जानकीबाईंनी हातावर दही ठेवलं. बाकीच्या साऱ्या जिन्यापर्यंत आल्या आणि जणू आपलाच पेपर असल्यासारख्या घाबऱ्याघुबऱ्या उभ्या राहिल्या. "घाई करू नको वहिनी," नंदा म्हणाली, "आम्ही बसलोयच."

पेपर हातात पडला आणि रत्नप्रभा सुटली. गोल बैठक झाली, नात्यागोत्याचं झाड झालं, घडी घातलेल्या कागदावरची भोकं झाली. पेन्सिल नुसती पळत होती. मग आली एका गावाची आकृती. डाव्या बाजूला समुद्राच्या लाटा काढलेल्या, काठाला खालच्या अंगाला दीपस्तंभ, वरच्या अंगाला धक्का आणि त्याला लागून देऊळ, खाली उजव्या कोपऱ्यात शाळा, वर उजव्या कोपऱ्यात विहीर. दिशेचा बाण मात्र कुठे नव्हता. खाली मजकूर आणि त्यावर पाच प्रश्न. रत्नप्रभाला हसूच आलं. हे तर आपलं वर्सोवा! चार प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवले आणि पाचव्यावर आली: विहिरीच्या ईशान्येला काय आहे?

ईशान्येला काहीच नव्हतं. विहिरीच्या पलीकडे कोरा कागद होता. आणि उत्तरांत तर देऊळ, शाळा, दीपस्तंभ, धक्का असं सगळं दिलेलं, फक्त 'काही नाही' तेवढं नव्हतं. तिने पुन्हा बघितलं. छापणाऱ्यानेच घोळ घातलाय, अशी तिची खात्री पटली आणि ती सरळ उभीच राहिली.

"सर, हा प्रश्न चुकलाय."

देखरेखीवरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "प्रश्नाबद्दल बोलायचं नाही. लिहिलंय ते नीट वाचा आणि बसा."

ती रागारागाने बसली आणि त्याच रागात मजकूर एकेक शब्द करत वाचायला लागली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'समुद्र गावाच्या पूर्वेस आहे.'

पूर्वेस? माहेर मालवणचं, सासर अंधेरीचं. समुद्र म्हणजे पश्चिम, हे तिला कुणी शिकवावंही लागलं नव्हतं. ती ओळ तिने मघाशी वाचली होती, पण डोक्याने परस्पर पश्चिम करून ठेवली होती. पाचच्या पाच प्रश्न बुडाले! घड्याळाकडे बघायची तिची हिंमत होईना. पुन्हा पहिल्यापासून एकेक वस्तू हलवायला वेळ कुठला?

आणि मग तिने कागद उलटा केला. सरळ खालचं वर केलं. समुद्र उजवीकडे आला, पूर्व उजवीकडे आली, उत्तर डोक्यावर आली. अक्षरं उलटी दिसत होती, दिसेनात का! विहीर खाली डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिच्या ईशान्येला, वर उजवीकडे, दीपस्तंभ. "आहे, आहे!" ती मोठ्याने बोलून गेली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिने खोडरबर घेऊन चार उत्तरं पुसली, चार नवी भरली, पाचवं भरलं आणि घंटा झाली.

घरी आल्यावर गॅलरीत ही कथा तिला पुन्हा पुन्हा सांगावी लागली. गुणाजींना मात्र ती पटेना. "समुद्र पूर्वेक? मगे सूर्य बुडता खय?"

"मद्रासला असतो ना समुद्र पूर्वेला, बाबा," नंदा म्हणाली. नंदा साताऱ्याकडची, लग्न होईपर्यंत तिने समुद्र बघितला नव्हता, त्यामुळे तो कुठेही असला तरी तिची हरकत नव्हती.

लेखी परीक्षेत रत्नप्रभा पास झाली. मग मुलाखत झाली आणि वाट बघून बघून सगळे थकले, तेव्हा एका दुपारी पोस्टमनने नेमणुकीचं पत्र आणून दिलं. जानकीबाईंनी तांदळाची परात तशीच टाकली आणि आनंदाच्या भरात मिठी मारली ती नेमकी मालनला. दोघींना ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. गॅलरीत एकच कल्ला उडाला, "पास झालो, आपण पास झालो!"

गुणाजी खाटेवर होते. रत्नप्रभा त्यांच्या पाया पडली. त्यांनी पत्राचं पाकीट हातात घेतलं.

"काम काय असतला थय?"

"काउंटरवर, बाबा. खातेदारांचं बघायचं."

"उभ्यान?"

"नाही हो. खुर्ची असते. बसून."

गुणाजींनी मान हलवली. गिरणी बंद पडल्यापासून कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आज त्यांचे डोळे भरले.

"माझी सगळी उमर साच्यासमोर उभ्यान गेली गो," ते म्हणाले. "आमच्या घरातला कोणतरी बसला एकदाचा."