छाटीचा डबा

दुकानात एका आजीबाईंना बीपीच्या गोळ्या समजावून सांगत होतो, तेव्हा गावाहून, मुर्रीहून, चुलतभावाचा फोन आला. "मोठीमाय गेली," एवढंच तो बोलला. मी आजीबाईंना गोळ्या कधी घ्यायच्या ते नीट सांगितलं, पट्टी हातात दिली आणि मगच शटर ओढलं. अर्धवट काम मोठीमायला खपत नसे... तिला जाऊन आता पाच आठवडे झाले.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. थोडी धानाची शेती आणि बिड्या वळायचं मांडीवरचं सूप, एवढ्यावर तिनं घर चालवलं. सुपात एकीकडे कापलेली तेंदूची पानं, एकीकडे तंबाखू. पान वळायचं, टोक दुमडायचं, धाग्याचे वेढे देऊन गाठ मारायची. कारखान्याचा माणूस सैल, फाटक्या बिड्या बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणतात. इतर बायकांची मूठभर छाट निघायची, हिची कधीच नाही. कारण ती आपली छाट घरीच काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. "त्यानं काऊन काढावं? मले समजत नाही का," म्हणायची. शेजारच्या बाया नुसती गाठ पाहून तिची बिडी ओळखत. मला या गोष्टीचा तेव्हापासून अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

तिनं स्वतः कधी बिडी ओठाला लावली नाही. तरी साठीनंतर दम लागू लागला. इतक्या वर्षांची तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर छातीत बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी तिनं सूप भिंतीला टांगलं. "या बोटायनं घर पोसलं," ती म्हणाली, "पन लोकायच्या छात्याही यायनंच जाळल्या." स्वतःला असं स्पष्ट सुनावणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आणि तिचा पोरगा, म्हणजे मी, औषधांचं शिक्षण घेतलेला शहाणा, दिवसभर सिगारेटी ओढायचो. त्या सुटाव्यात म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं. विकायला बंदी असलेली ही पेनासारखी नळी एका मित्रानं कुठून तरी आणून दिली. आंब्याचा वास, राख नाही, ठसका नाही. मुर्रीच्या अंगणात वाफ सोडत मी मोठीमायला व्याख्यान द्यायचो, की यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर नाही, विषारी धूर नाही, बिडीपेक्षा हे पुष्कळ बरं. एकदा तिनं नळी हातात घेतली आणि माल तपासावा तशी उलटीपालटी केली.

"बिडीत काय रायते, मले मालूम हाय. पान, तंबाखू, धागा. याच्यात काय हाय?"

"निकोटीन, वास... आणि एक लिक्विड."

"कायचं लिक्विड?"

मी नळी परत घेऊन पाहिली. नळीवर काहीच छापलेलं नव्हतं.

"दुकानात बिना लेबलची बाटली ठेवशील का?"

"नाही."

"मंग छातीत कायले ठेवून राहिला?"

मी हसण्यावारी नेलं. तिनं मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर स्वतःचा दम सोडून माझाच विषय काढला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सिगारेट पूर्ण सोडून फक्त हे ओढलं तर धोका कमी असेल, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. निकोटीनची सवय तीच राहते, वाफ फुप्फुसांना त्रास देतेच, आणि वीस-तीस वर्षांनी काय होईल ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. "तुमची सिगारेट सुटली का?" त्यांनी विचारलं. सुटली नव्हती. दुकानात वाफ आणि टपरीवर सिगारेट, असं दोन्ही चालू होतं. घरी आल्यावर तिनं हात पुढे केला. मी नळी दिली. तिनं तिच्यावर बिडीचा धागा गुंडाळला, गाठ मारली आणि नळी पत्र्याच्या डब्यात टाकली. "छाट हाय हे," म्हणाली.

मग गिऱ्हाइकांना विकायचो तेच निकोटीनचं च्युइंगम स्वतः चघळू लागलो. सिगारेट सुटली. पण एका दुपारी ती शेजारी गेली असताना मी डबा उघडला, धागा तोडला आणि चार झुरके घेतले. खोलीभर आंब्याचा वास झाला, स्वतःची लाज वाटली. माझ्या हातानं कशीबशी गाठ मारून नळी परत ठेवली. त्यानंतर आजवर कशालाही शिवलो नाही. आणि ती मात्र मुर्रीभर सांगत फिरायची, "माह्या पोरानं सोडलं. दोन्ही सोडलं." मी मान खाली घालायचो. बिचारीला काही कळलं नाही, असं मला वाटायचं.

तेरवीनंतर चुलतभावानं तो डबा माझ्या हाती दिला. उघडला. माझी गाठ मला चांगली आठवत होती, सैल, दोन्ही टोकं लोंबणारी. ती तिथं नव्हती. नळीवर नवा धागा होता, घट्ट वेढे आणि बारीक गाठ, शेजारच्या बाया ओळखत तीच. तिनं माझी गाठ पाहिली होती, ती काढून आपली मारली होती, आणि मग गावभर माझं कौतुक केलं होतं... मी भावासमोरच रडलो.

डबा आता दुकानात माझ्या पाठीमागच्या फळीवर असतो. सिगारेट सोडायला व्हेप घेऊ का, असं कोणी विचारलं की मी तो खाली काढून मोठीमायची गोष्ट सांगतो. नळी हातात घेऊन बघू देतो. गाठ मात्र कोणाला सोडू देत नाही.