झुंबरबाईचा मुऱ्हाळी

"मी येत नही. तुनी गाडी ले अन् जाय परत."

"अक्का, आखाजीले बहीण माहेरले येस. रीत शे."

"रीत? बाप गया तवयपासून तुले रीत याद उनी नही, अन् आज एकदम उनी?"

"आते उनी ना! नही उनी त बी शिव्या, उनी त बी शिव्या. माणूस करी तरी काय?"

"माणूस कसाले उना, ते सांग पहिले."

"तुले लेवाले उनू!"

"खोटं!"

धुळ्याच्या बगीच्याच्या फाटकाशी, भर सकाळी, झुंबरबाई आणि तिचा धाकटा भाऊ लोटन यांची अशी जुंपली होती. गाडी वाटेत आडवी, बैल सोडलेले. बैलांच्या शिंगांना नवे गोंडे. लोटनच्या काखेत पिवळ्या कागदातलं कोरं लुगडं. जाणारे-येणारे थांबत होते, कारण झुंबरबाई भांडताना दिसली की थांबायचं हा गावाचा जुना रिवाज होता.

झुंबरबाई म्हणजे बगीच्यातल्या सुपडू माळ्याची बायको. सुपडू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहतच होती. नगरपालिकेने तिला 'राहा' म्हटलं नव्हतं. 'नीघ' म्हणायला कुणी धजत नव्हतं. उंच, काटकुळी, दात मिसरीने काळे, आणि आवाज असा की अलीकडच्या काठावरून हाक मारली तर पांझरेच्या पलीकडची म्हैस वळून बघायची. या आवाजावरच तिचं नाव झालं होतं. आखाजीला नदीच्या दोन्ही काठांवर बायका उभ्या राहतात आणि एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही, असा नेम. दुपार कलली की पलीकडच्या बायका घसा धरून खाली बसत. ही उभीच! वर विचारायची, "सरनं का वं तुमचं?"

त्याच दिवसाचं तिचं दुसरं काम मात्र फार हळुवार होतं. बगीच्यात कडुलिंबांची रांग होती. बुंधे असे, की दोघींनी हात पसरले तरी कवेत येऊ नयेत. संवत छप्पनच्या दुष्काळात पांझरा आटली, तेव्हा सुपडूने वाळूत झिरे खोदून या लिंबांना पाणी घातलं होतं; नवी नवरी झुंबरबाई घागरी भरून देत होती. आखाजीला या लिंबांना झोके बांधले जात. पहिला दोर झुंबरबाईच बांधायची, आणि तिने बांधलेला दोर दुसऱ्या कुणी सोडायचा नाही.

आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून मुऱ्हाळी येतो. बहुधा भाऊच. ज्यांना तो येतो त्या जातात. ज्यांना येत नाही त्या काय करणार? त्या झुंबरबाईच्या झोक्यावर यायच्या. कुणाला आई नाही, कुणाचा भाऊ रुसलेला, कुणाची भावजय खाष्ट. झुंबरबाई त्यांना सांजोऱ्या खाऊ घालायची आणि झोक्याला असा हात द्यायची की पोरीचे पाय डहाळीला लागावेत. या सगळ्यांत सर्वांत जुनी, भावाने टाकलेली बहीण ती स्वतःच होती, हे कुणी बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी वीज कंपनीचे खांब आले. वीजघरापासून निघालेली तार सरळ बगीच्यातून न्यायची, म्हणजे लिंबांची रांग पाडायची. रस्त्याने नेता आली असती, पण रस्त्यावर व्यापाऱ्यांच्या माड्या, त्यांचे सज्जे. त्यांना हात लावायचा कुणी? गल्लीतले पुरुष नगरपालिकेत गेले, चहा पिऊन आले. झुंबरबाई म्हणाली, "झाया का च्या पेवाई? आते आम्ही देखतस."

तिने महिनाभर आधीच झोके बांधले. बायकांनी पाळ्या लावल्या. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत एकही झोका रिकामा ठेवायचा नाही. बाई झोक्यावर बसलेली असताना वरच्या फांदीला कुऱ्हाड कोण लावणार? कंपनीने तोताराम लाकूडतोड्याला बोलावलं. तो आला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाला, "त्या झोक्यावर माझी लेक बसली आहे. झाड पाडू का लेक पाडू?" कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला. त्याच्यानंतर धुळ्यातला दुसरा कुणी आलाच नाही.

मग कंपनीचा कारकून रतिलाल स्वतः आला. जन्माचा धुळ्याचाच, आखाजीच्या सांजोऱ्या खाऊन वाढलेला. गोड बोलायचा.

"मावशी, दिवे येतील. बगीच्यात रात्री उजेड पडेल."

"उजाळामा काय देखवानं? खुटा?"

"खांबसुद्धा शोभतात हो."

"मंग खांबले झोका बांध, अन् तुनी मायले बसाड!"

बायका खदखदून हसल्या. रतिलालही हसला. रुमालाने कपाळ टिपत म्हणाला, "आखाजी जवळ आली. आता तुमच्या शिव्यांचा राग धरायचा नाही."

झुंबरबाईला शिवीला शिवी चालायची, दगडसुद्धा चालला असता. हे हसून पोटात घालणं तिला झोंबलं. ती मनापासून बोलली होती, आणि त्याने त्याचा सण करून टाकला.

"सण होऊ द्या तुमचा," तो जाताजाता म्हणाला. "आखाजी झाली की लेकी सासरी जातील. मग?"

"जाऊ देत! मी त शे ना? मी कोठे जासू? माले ना सासर, ना माहेर!"

हे तिने बोलायला नको होतं. रतिलाल थांबला. मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं आणि निघून गेला. माहेर नाही म्हणजे काय, कोण आहे तिकडे, हे त्याने चार घरी विचारलं असणार. पारोळ्याच्या वाटेवरच्या गावात तिचा भाऊ आहे आणि तो लाकूड कापायचा धंदा करतो, हे कळायला कितीसा वेळ?

तर आखाजीच्या आदल्या सकाळी फाटकाशी लोटन उभा.

"खोटं म्हणस त ऱ्हाऊ दे," तो लुगड्याचा पुडा पुढे करत म्हणाला. "तुनी भावजयनी निवाडं शे. हिरवं. म्हणे, अक्काले हिरवं आवडस."

झुंबरबाईने पुडा घेतला नाही, पण कागदाचं टोक बोटाने वर केलं. हिरवंच होतं.

"तिले याद शे?"

"शे ना. पुरणना मांडा करी ऱ्हायनी घर. म्हणे, अक्का उनी म्हणजे पहिला मांडा तिनाच."

"मायनी खाट?"

"आंगणमा टाकेल शे. तुनासाठे."

भांडण तिथेच बसलं. बघे हिरमुसून पांगले. झुंबरबाई खोलीत गेली आणि गाठोडं बांधून बाहेर आली, तेव्हा तिचं तोंड कुणी कधी पाहिलं नव्हतं तसं दिसत होतं. नव्या नवरीसारखं, थोडं वेंधळं. फाटकाजवळच्या पहिल्या झोक्यावर भिकूबाई बसली होती. गल्लीतली तरणी सून, आई-बाप नसलेली, मुऱ्हाळी न आलेली.

"जास का वं झुंबरमाय?" भिकूबाईने विचारलं.

"दोन दिन. झोका सोडू नका."

"जाय, जाय. आम्ही शेत ना."

"लांबून उनात बिचारा," झुंबरबाई बैलांच्या मानेवर हात फिरवत म्हणाली. "खावाले तरी टाक रे त्यासले." आणि लोटन पुढे होण्याआधी तिनेच गाडीतला कडबा उचलला.

कडब्याखाली पोतं. पोत्यातून दाते बाहेर आलेले.

"हाई काय?"

"करवत."

"ते माले बी दिखस. बहीण लेवाले येवाले करवत कसाले लागस?"

"वाटमा काम व्हतं."

"कोनं काम?"

लोटनने तोंड फिरवलं, ते नेमकं झोक्याच्या बाजूला. भिकूबाईने पाय टेकून झोका थांबवला. "वं माय! हाऊच त व्हता! परवा कंपनीना हापिसपुढे बसेल व्हता. रतिलाल त्याले पान दी ऱ्हायंता!"

झोके एकेक करून थांबले. पण एकही बाई उतरली नाही.

"बोल," झुंबरबाई म्हणाली.

"काय बोलू? हो, कापसू! मीच कापसू!" लोटन एकदम ओरडला. "कोनी नही कापं त काय मी उपाशी मरू? झाडंच शेत, माणसं नही. तुले घर सोडीसन मी रातले परत येता, तू मांडा खाती, आठे काम व्हई जातं. कोनले काही दुखतं नही!"

"अन् ह्या?" तिने झोक्यांकडे हात केला.

"ह्या तुना जोरवर बसेल शेत. तू नही त ह्या बी नही. रतिलालच म्हणे, त्या बाईले फक्त हलवा, बाकीन्या आपोआप हलतीन."

"मंग माले हलवाले माहेर धाडं?"

"अक्का, झाडंसपाई भाऊ तोडशी का?"

"तोडेल भाऊ परत जोडाले करवत ली उना तू!"

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून रतिलाल आला. तो जवळच कुठेतरी थांबलेला असावा. त्याला इकडचं काही ऐकू गेलं नव्हतं. तो हसत म्हणाला, "काय मावशी, निघायचं ना? बैल ताटकळले. दोन दिवस माहेरचं सुख घ्या, इकडची काळजी आम्हाला."

बायका झोक्यांवर सरसावून बसल्या. आता सुटणार पट्टा! बघे पुन्हा गोळा झाले. भिकूबाईने तर पदर तोंडाशी नेला, हसू आवरायला.

झुंबरबाईने रतिलालकडे पाहिलंही नाही. गाठोडं तिने खाली, आपल्या पायांशी ठेवलं. भावासमोर जाऊन उभी राहिली. आवाज इतका खाली, की गल्लीला तो तिचा वाटेना.

"लोटन, भांडत नही मी. एकच सांग. सांगं, की मी आते गाडीमा बसस. मंग तू काप नहीतर ठेव, माले इचारू नको."

"काय?"

"हाई झाडं नसती, त तू माले लेवाले येता का?"

लोटनने हातातल्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं आणि ते गाडीत, कडब्यावर टाकलं. जू उचललं. उजवा बैल डावीकडे लावला, मग सोडून पुन्हा नीट लावला. झुंबरबाई जागची हलली नाही. ती वाट बघत होती, आणि ती वाट बघते आहे हे सगळ्या गल्लीला दिसत होतं.

"अरे, जुंपतोस काय? तिला बसव की!" रतिलाल पुढे झाला. "आणि उद्या सकाळचं काय? मी माणसं सांगितली आहेत! लोटन! अरे, तुला विचारतोय मी!"

लोटनने कासरा धरला. गाडीत न बसता तो बैलांच्या पुढे चालायला लागला. फाटक मागे पडलं, गर्दी बाजूला झाली, आणि बहिणीला नाही की कंपनीच्या माणसाला नाही, कुणालाच काही न सांगता तो पारोळ्याच्या वाटेने निघून गेला.